चौदाव्या दिवसाचा हिशोब

वस्तीतल्या आरोग्य-बैठकीत ‘दिवस नेमके कधी जातात?’ हा प्रश्न निघाला, की कुणीतरी हमखास उत्तर देतं, ‘चौदाव्या दिवशी.’ कुणी ते दवाखान्यात ऐकलेलं असतं, कुणी पुस्तकात वाचलेलं. आता तर मोबाइलमधलं अ‍ॅपच तारीख काढून देतं. बायकांच्या गटांबरोबर काम करताना मला मात्र वाटत आलं आहे, की या आकड्याने आपली बरीच फसगत केली आहे.

चौदा दिवस मोजायचे असतात ते पुढच्या पाळीपासून मागे. जपानचे डॉक्टर क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ साली हे दाखवून दिलं. बीजकोषातून बीज बाहेर पडतं ते पुढची पाळी येण्याआधी साधारण १२ ते १६ दिवस. म्हणजे जिची पाळी २८ दिवसांनी येते तिचं बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटेल. जिची ३५ दिवसांनी येते तिचं एकविसाव्या, आणि २४ दिवसांनी येते तिचं दहाव्या. शिवाय आजारपण, काळजी, उपासमार यांनी हे चक्र मागेपुढे होतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, गर्भ राहू शकेल असे सगळे दिवस १० ते १७ या दिवसांत बसणाऱ्या बायका जेमतेम ३० टक्के निघाल्या!

हे दिवस असतात सुमारे सहा. बीज जेमतेम एक दिवस जगतं. पण पुरुषाचे शुक्रजंतू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणून बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस धरायचा.

मग हे ओळखायचं कसं? शरीर खूण देतं. पाळी संपल्यावर काही दिवस कोरडं वाटतं. मग चिकट स्राव सुरू होतो. बीज सुटायच्या सुमारास तो पारदर्शक, बुळबुळीत, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा होतो, दोन बोटांत धरला तर तार निघते. नंतर पुन्हा घट्ट होतो किंवा थांबतो. कितीतरी बायका हाच स्राव ‘अंगावरून पांढरं जातं’ म्हणून घाबरून औषध मागतात. खाज, घाण वास, दह्यासारख्या गुठळ्या, हिरवट-पिवळा रंग असेल तर उपचार हवेतच. पण बाकीचं निरोगी शरीराचं लक्षण आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. दुसरी खूण तापमानाची. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी रोज मोजलं, तर बीज सुटल्यानंतर ते साधारण ०.२ ते ०.५ सेल्सियसने वाढलेलं दिसतं. पण ते कळतं नंतर. आणि पहाटे चारला नळावर पळणाऱ्या बाईने अंथरुणात थर्मामीटर लावून पडून राहायचं कधी?

इथेच खरा प्रश्न सुरू होतो. बाईच्या शरीराचा हिशोब नवा नाही. मनुस्मृतीत सोळा रात्रींचा ऋतुकाल सांगितला आहे. सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी, असाही नियम आहे. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्रजंतूवर ठरतं हे विज्ञानाने सांगूनही, सम-विषम रात्री मोजणारी घरं मी आजही पाहते. शरीर बाईचं, हिशोब मात्र घराण्याचा. मूल होत नाही म्हटलं, की सासू सुनेच्या पाळीच्या तारखा पाठ करते. देवरुषी होतो, दवाखाने होतात. नवऱ्याची वीर्यतपासणी मात्र सगळ्यात शेवटी, तीही झाली तर. खरं तर मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडूनही काही कारण असतं. आणि ती तपासणी स्वस्त, सोपी आहे.

मूल नको असेल तर? एका बैठकीत एका बाईने विचारलं होतं, की दिवस मला कळले, पण त्या रात्री नवऱ्याला नाही म्हणायचं कसं? या प्रश्नाला कुठलंही अ‍ॅप उत्तर देत नाही. कायदाही देत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही अठरा वर्षांवरच्या पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही.

म्हणून दिवस मोजण्यावर विसंबून राहा, असं मी कुणाला सांगत नाही. पाळी नियमित २६ ते ३२ दिवसांनी येणाऱ्या बायकांनी आठवा ते एकोणिसावा दिवस टाळला, तरी रोजच्या व्यवहारात वर्षाला शंभरातल्या सुमारे बाराजणींना दिवस जातात. बाळंतपणानंतर तर पाळी येण्याआधीच बीज सुटू शकतं. ‘मूल अंगावर पितंय, पाळी नाही, म्हणजे काळजी नाही’ हा भरवसा फक्त पहिले सहा महिने, बाळ निव्वळ अंगावरच्या दुधावर असेल आणि पाळी आलेली नसेल, तरच. तांबी, गोळ्या, निरोध यांची माहिती आणि निवड हवीच.

मग ही खूण ओळखायला शिकायचं कशाला? स्वतःचं शरीर स्वतःला कळावं म्हणून. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याला शंभर वर्षं उलटली. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के बायकांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीचा वापर ०.३ टक्के! बाईची प्रजननशक्ती बंद करण्याची यंत्रणा गावोगाव पोचली. ती समजावून सांगणारी यंत्रणा अजून वाटेतच आहे.

माझं म्हणणं इतकंच आहे, की ही माहिती लग्नाआधी, शाळेत, मुलींबरोबर मुलांनाही मिळाली पाहिजे. आपल्या गटांतही एक बैठक याच विषयाची ठेवूया. प्रत्येकीने निदान सहा महिने आपल्या पाळीच्या तारखा आणि स्रावातले बदल वहीत टिपावेत. ती वही स्वतःजवळ ठेवावी. कुणाला दाखवायची, कुणाला नाही, हे तिचं तिने ठरवावं. आणि त्या वहीतल्या दिवशी ‘आज नको’ म्हटलं तर ते ऐकलं जावं, यासाठीची लढाई मात्र एकटीने लढायची नाही. ती सगळ्याजणींनी मिळून लढायची आहे.