मैदान दिलं, पण निवड समिती कोणाची?

"खेळात जात नसते. तिथे फक्त गुणवत्ता चालते." आरक्षणाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास फेकलं जातं. त्याला जोडून दुसरं येतं, "अमेरिकेकडे बघा, बास्केटबॉलच्या संघात सगळे कृष्णवर्णीय. तिथे कुणी आरक्षण मागितलं होतं का?" आमच्यातलेही काहीजण या प्रश्नापुढे गप्प होतात. गप्प होण्याचं काही कारण नाही. अमेरिकेच्या पुरुष बास्केटबॉल संघाचा ऑलिंपिकमधला इतिहास नीट वाचला, तर तो या गुणवत्तावाल्यांच्याच विरोधात साक्ष देतो.

बास्केटबॉल पहिल्यांदा अधिकृतपणे ऑलिंपिकमध्ये आलं 1936 साली, बर्लिनला. भर पावसात, चिखल झालेल्या उघड्या मैदानावर अमेरिकेने अंतिम सामन्यात कॅनडाला 19-8 असं हरवलं. याच ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सने धावण्यात आणि लांब उडीत मिळून चार सुवर्णपदकं जिंकून हिटलरच्या वंशश्रेष्ठत्वाची खिल्ली उडवली. पण त्याच देशाच्या बास्केटबॉल संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. गुणवत्ता नव्हती म्हणून? न्यूयॉर्कच्या हार्लेममधला 'रेन्स' हा पूर्ण कृष्णवर्णीय संघ त्या काळात देशभर फिरून भल्याभल्यांना हरवत होता आणि 1939 साली त्याने व्यावसायिक संघांची जागतिक स्पर्धाही जिंकली. पण ते व्यावसायिक, म्हणून ऑलिंपिकला अपात्र. आणि ऑलिंपिकचा संघ ज्यातून निवडला जायचा, ते कंपन्यांचे आणि विद्यापीठांचे हौशी संघ जवळजवळ सगळे गोऱ्यांचे.

इथे थांबून विचार करा. "कृष्णवर्णीयांनी येऊ नये" असा नियम निवड चाचणीच्या कागदावर लिहायची गरजच नव्हती. चाचणीपर्यंत जाणारा रस्ताच आधी बंद केलेला होता. आपल्याकडेही हेच चालतं. वरची परीक्षा सर्वांना खुली असते, फक्त तिथवर पोचवणारी शाळा, क्लब, मैदान, ओळख आणि दोन वेळचं पोटभर जेवण ठरावीक घरांतच असतं.

1948 च्या लंडन ऑलिंपिकसाठी पहिल्यांदा एका कृष्णवर्णीय खेळाडूची निवड झाली. डॉन बार्क्सडेल. चौदा जणांत एकटा. तीही सहजासहजी नाही, समितीतल्या एका सदस्याला त्याच्यासाठी भांडावं लागलं. संघाचा सहप्रशिक्षक होता केंटकी विद्यापीठाचा अ‍ॅडॉल्फ रप, ज्याच्या विद्यापीठाच्या संघात तेव्हा एकही कृष्णवर्णीय नव्हता. ऑलिंपिकपूर्वी केंटकीत प्रदर्शनी सामना झाला, तेव्हा देशाचा हा खेळाडू संघाच्या हॉटेलात उतरू शकला नाही. त्याला एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरी राहावं लागलं.

त्याच दौऱ्यातला एक प्रसंग सांगितला जातो. खेळाडू पाण्याची एकच बाटली एकमेकांकडे देत होते. बार्क्सडेल पाणी प्यायला आणि त्याने बाटली पुढे केली. पुढे होता शॉर्टी कार्पेंटर, दक्षिणेतल्या अर्कान्सा राज्यातला गोरा. सगळे श्वास रोखून बघत राहिले. तो बाटली फेकून देणार की काय? कार्पेंटरने ती तोंडाला लावली, पाणी प्यायला आणि पुढे दिली. एवढंच घडलं. पण महाडला 1927 साली चवदार तळ्याच्या पाण्यासाठी ज्यांची डोकी फुटली, त्यांच्या नातवंडांना या एका घोटाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

अमेरिकेने अंतिम सामन्यात फ्रान्सला 65-21 हरवलं. बार्क्सडेलच्या गळ्यात सुवर्णपदक पडलं. झालं, भेद संपला?

नाही. चार वर्षांनी, 1952 साली हेलसिंकीला अमेरिकेचा जो संघ गेला, तो पुन्हा पूर्ण गोरा होता. एकाला आत घेतलं म्हणजे दार उघडलं असं होत नाही. कधीकधी एकाला आत घेतात ते दार बंदच ठेवता यावं म्हणून. आपल्यातल्या एखाद्याला मंचावर बसवून "बघा, आम्ही कुठे भेद करतो?" म्हणणारे पक्ष आणि संस्था आपण रोज पाहतो. 1952 चा संघ लक्षात ठेवला, तर त्यांना उत्तर देणं सोपं जाईल.

दार पुढे उघडलं, कारण खालून रेटा वाढला. एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये 1950 साली पहिले कृष्णवर्णीय खेळाडू उतरले. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये बिल रसेल आणि के. सी. जोन्स यांच्या संघाने सोव्हिएत युनियनला 89-55 हरवलं. 1960 साली रोममध्ये ऑस्कर रॉबर्टसन चमकला. हाच रॉबर्टसन पुढे खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला आणि 1970 साली त्याने एनबीएच्या मालकांवर खटला भरला. 1976 च्या तडजोडीने खेळाडूंना संघ निवडण्याचं स्वातंत्र्य मिळण्याची वाट मोकळी झाली. पदकावर समाधान न मानता त्याने संघटना बांधली, हा त्याचा खरा पराक्रम आम्ही मानतो.

मग आलं 1968. हॅरी एडवर्ड्स यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय खेळाडूंनी ऑलिंपिकवर बहिष्काराची हाक दिली. विद्यापीठीय बास्केटबॉलमधला त्या वेळचा सर्वांत मोठा खेळाडू ल्यू अल्सिंडोर निवड चाचणीलाच गेला नाही. तो उन्हाळा त्याने न्यूयॉर्कच्या वस्त्यांमधल्या मुलांना खेळ शिकवण्यात घालवला. टीव्हीवरच्या मुलाखतीत त्याला, पटत नसेल तर देश सोड, अशा अर्थाचं ऐकावं लागलं. त्याच वर्षी त्याने इस्लाम स्वीकारला. पुढे जग त्याला करीम अब्दुल-जब्बार म्हणून ओळखू लागलं. गुलामगिरीच्या काळात मालकाकडून आलेलं नाव आणि मालकाचा धर्म टाकून देण्यामागची तगमग, 14 ऑक्टोबर 1956 चा वारसा सांगणाऱ्यांना परकी वाटू नये.

पण त्याच 1968 च्या संघात स्पेन्सर हेवूड गेला. वय 19. मिसिसिपीतल्या गरीब घरातला, लहानपणी कापूस वेचलेला मुलगा. त्याच्या खेळावर अमेरिकेने मेक्सिकोत सुवर्ण जिंकलं. त्याला गद्दार म्हणायचं का? आमच्या चळवळीत हा शिक्का फार लवकर मारला जातो, म्हणून हा प्रश्न मुद्दाम विचारतो आहोत. याच हेवूडने पुढे एनबीएच्या प्रवेशाच्या नियमाला आव्हान दिलं. शिक्षणाची चार वर्षं उलटल्याशिवाय खेळाडूला कमावता येणार नाही, असा तो नियम होता. 1971 साली प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि हेवूड जिंकला. एकाने नकार देऊन लढा दिला, दुसऱ्याने आत जाऊन. ज्याच्या घरात चूल पेटायची मारामार आहे, त्याच्याकडून पहिल्याच दिवशी बहिष्काराची अपेक्षा करणं हा अन्याय आहे. तो पुढे काय करतो, यावर त्याला जोखलं पाहिजे.

1992 साली बार्सिलोनाला 'ड्रीम टीम' उतरली. बारापैकी आठ कृष्णवर्णीय, आणि अंतिम सामन्यात क्रोएशियावर 117-85 असा विजय. पदक घेताना मायकेल जॉर्डनने खांद्यावर राष्ट्रध्वज असा घेतला की गणवेशावरचं रीबॉकचं चिन्ह झाकलं जावं, कारण त्याचा करार नाइकीशी होता. 1968 साली टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी ऑलिंपिकच्याच मंचावर काळ्या हातमोज्यातली मूठ उंचावली होती. 24 वर्षांत मंचावरची निष्ठा समाजाकडून कंपनीकडे सरकली. जॉर्डनच्या खेळाबद्दल आम्हाला आदरच आहे. पण संख्या वाढली म्हणजे आवाजही आपोआप वाढतो, या भ्रमाला हे उत्तर आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा हिशोब. अमेरिकेने आजवर या खेळात ऑलिंपिकची 17 सुवर्णपदकं जिंकली. त्यांतली बहुसंख्य कृष्णवर्णीय खेळाडूंच्या घामावर. पण प्रमुख प्रशिक्षकाच्या खुर्चीवर कृष्णवर्णीय माणूस पहिल्यांदा बसला 1988 साली, जॉन थॉम्प्सन. बार्क्सडेलनंतर 40 वर्षांनी. दुसरा लेनी विल्किन्स, 1996 साली. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत हे दोघेच. धावायला, उडी मारायला, घाम गाळायला तुम्ही. डोकं चालवायला आणि निर्णय घ्यायला आम्ही, अशी ही वाटणी. श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी कशाला म्हणतात, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलंच आहे.

आपल्याकडचा दाखला तर याहून जुना आहे. पळवणकर बाळूच्या फिरकीने 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. पण पुण्याच्या क्लबात त्याचा चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. त्याचा भाऊ विठ्ठल याला ते 1923 साली मिळालं, तेही भावांच्या लढ्यानंतर. हा सगळा भूतकाळ झाला असं वाटत असेल, तर 2021 चं टोकियो ऑलिंपिक आठवा. हॉकीपटू वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध गोलांची हॅटट्रिक केली. भारत उपांत्य सामना हरल्यावर हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके फुटले आणि जातीवरून शिव्या दिल्या गेल्या. जिंकली की देशाची लेक, हरली की जात.

म्हणून आमचं तरुणांना सांगणं आहे. आपला एखादा पोरगा किंवा पोरगी संघात आली की जरूर मिरवणूक काढा, पण गुलाल उधळून घरी जाऊ नका. जिल्हा संघटनेवर कोण बसलंय, निवड समितीत कोण आहे, प्रशिक्षक कोण, क्रीडा प्रबोधिनीच्या जागा कोणाला मिळतात, हे विचारा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. वस्तीतल्या मैदानावर बिल्डरचा डोळा असेल तर ते आधी वाचवा. आणि आपला खेळाडू उद्या अन्यायाविरुद्ध बोलला, तर त्याच्यामागे उभे राहा. अल्सिंडोरला नकार देता आला, कारण त्याच्यामागे एक चळवळ होती. एकट्या खेळाडूकडून क्रांती मागायची आणि आपण मात्र फक्त लाइक करायचं, हे चालणार नाही.

चेंडू आपल्या हातात आला, हे खरं. पण संघ कोण निवडतो, याचं उत्तर मिळेपर्यंत सामना संपलेला नाही.

जय भीम!