विश्लेषण : बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत जमिनीवरची पिवळी पट्टी का टिकत नाही?

ऑडिट असो वा 4 मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन, पाहुणे येण्याआधी कारखान्याच्या जमिनीवर पिवळे पट्टे मारून घेण्याची पद्धत औद्योगिक वसाहतींना नवी नाही. फोटो चांगले येतात. पावसाळा सुरू होईपर्यंत मात्र फोर्कलिफ्टच्या चाकांखाली त्या पट्ट्यांचे पापुद्रे निघालेले असतात आणि माणसे पुन्हा वाट मिळेल तिथून चालू लागतात. रासायनिक, औषधनिर्मिती, कापड आणि पोलाद उद्योगांनी गजबजलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतीत हा विषय रंगरंगोटीपुरता नाही.

या पट्ट्यांचे काम नेमके काय?

माणसाची वाट आणि यंत्राची वाट वेगळी करणे, हे पहिले काम. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते. त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला झपकन फिरतो आणि शेजारून चालणारा कामगार नेमका तिथेच सापडतो. समोर उंच माल असेल तर चालकाला पुढचे दिसत नाही. अशा वेळी दोघांनाही आपापली हद्द कळावी, यासाठी रेषा लागते.

दुसरे काम म्हणजे मोकळी ठेवायची जागा दाखवणे. अग्निशामक सिलिंडर, हायड्रंट, आपत्कालीन दरवाजा आणि विजेचे पॅनेल यांच्यापुढे काहीही ठेवायचे नसते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार स्विचबोर्डसमोर किमान एक मीटर जागा मोकळी हवी. जमिनीवर तेवढा चौकोन आखलेला नसेल, तर गर्दीच्या दिवशी तिथे हमखास पॅलेट येऊन बसते.

स्फोट, वायुगळती आणि रेषेचा संबंध काय?

11 जानेवारी 2020 रोजी तारापूरमधील एका रासायनिक कारखान्यातील स्फोटात आठ जणांचा मृत्यू झाला. ऑगस्ट 2025 मध्ये बोईसरच्या एका औषध कारखान्यातील वायुगळतीने चार कामगारांचा बळी घेतला. जमिनीवरच्या पट्टीने हे टळले असते, असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. रसायनांची हाताळणी, झडपा, देखभाल, परवाने हे प्रश्न वेगळे आणि कितीतरी मोठे आहेत. पट्टीचा प्रश्न त्यानंतरच्या मिनिटांचा आहे. धूर वर चढतो, छताजवळची पाटी आधी दिसेनाशी होते आणि जमिनीलगत थोडा वेळ दिसत राहते. त्या वेळी दाराकडे नेणारी रेषा उपयोगी पडते, अर्थात ती पुसली गेलेली नसेल आणि तिच्यावर ड्रम रचलेले नसतील तर.

रंग कोणी ठरवले?

भारतीय मानक आयएस 9457 मध्ये सुरक्षेच्या रंगांचे अर्थ दिले आहेत. लाल म्हणजे मनाई आणि आगीशी संबंधित साधने, पिवळा म्हणजे सावधान, हिरवा म्हणजे सुरक्षित स्थिती, निळा म्हणजे अमुक गोष्ट करणे बंधनकारक. वाटेच्या कडेला पिवळा, नाकारलेल्या मालाला लाल, तपासून झालेल्या मालाला हिरवा चौकोन, हा कारखान्यांतला रिवाज बराचसा जपानी ‘फाइव्ह एस’ पद्धतीतून आला.

रुंदीबाबत अमेरिकेच्या ‘ओशा’ या सुरक्षा यंत्रणेचे 1972 चे मार्गदर्शन अजूनही वापरले जाते : रेषा किमान दोन इंच, आणि वाट सर्वांत मोठ्या यंत्रापेक्षा तीन फूट जास्त किंवा किमान चार फूट रुंद. त्यात रेषेच्या रंगाची सक्ती नाही. आपल्याकडे मात्र चर्चा रंगाच्या छटेवर अडते आणि रुंदीकडे कोणी बघत नाही.

मग पट्टी टिकत का नाही?

कारण रंग काँक्रीटवर लागतच नाही. तो लागतो काँक्रीटवरच्या तेलावर, धुळीवर आणि सिमेंटच्या भुसभुशीत थरावर. तो थर सुटला की रंगही त्याच्याबरोबर जातो.

व्यवस्थित काम करायचे तर आधी तेल-ग्रीस धुवून काढावे लागते आणि मग ग्राइंडर फिरवून पृष्ठभाग थोडा खरखरीत करावा लागतो. ट्रीमिक्सची घोटून गुळगुळीत केलेली फरशी दिसायला छान असते, पण रंगाला तिथे पकड मिळत नाही. नवीन काँक्रीट असेल तर साधारण 28 दिवस थांबावे लागते. त्यानंतर ओलाव्याची तपासणी. प्लास्टिकचा दीड फुटी तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून किमान 16 तास ठेवायचा; खाली दव धरले किंवा काँक्रीट काळपट पडले तर थांबायचे. पालघरच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात ही चाचणी कितीदा पास होईल, याचा अंदाज कोणालाही करता येईल. पट्ट्यांचे काम दिवाळीनंतर काढणे शहाणपणाचे.

इपॉक्सीचे दोन भाग असतात, रेझिन आणि हार्डनर. प्रमाण चुकले तर पट्टी चिकट राहते किंवा ठिसूळ होते. एकदा मिसळलेला रंग ठरावीक वेळेतच वापरावा लागतो. दुसऱ्या दिवशी त्यावरून चालता येते, पण पूर्ण ताकद यायला साधारण आठवडा लागतो. इथेच गाडी अडते. रविवारी पट्टी मारायची आणि सोमवारी पहिल्या पाळीला त्यावरून भरलेली फोर्कलिफ्ट न्यायची, असा हिशेब असेल तर महागडा रंगही हात टेकतो.

खर्च खरेच परवडत नाही का?

साधे गणित करू. एक किलोमीटर लांब आणि 100 मिलिमीटर रुंद पट्टीचे क्षेत्रफळ होते 100 चौरस मीटर. वाळल्यावर 200 मायक्रॉन जाडी हवी असेल तर तो थर भरतो अवघा 20 लिटर. म्हणजे खरा खर्च रंगाचा नाही. घासण्याचा, मजुरीचा आणि काम थांबवण्याचा आहे. रनिंग मीटरच्या दराने सर्वांत स्वस्त कंत्राटदार निवडला की घासण्याचे काम सर्वांत आधी गाळले जाते, कारण पट्टी मारून झाल्यावर ते दिसत नाही. निविदेत पृष्ठभागाच्या तयारीचा दर वेगळा लिहिला आणि बिलाचा काही भाग सहा महिन्यांनी, पट्टी बघून दिला, तर बरेच प्रश्न सुटतील.

रंगाऱ्यांचाही विचार व्हायला हवा. शटर ओढलेल्या गोदामात रात्रभर थिनरच्या वासात काम करणाऱ्याला साधे हातमोजे नसतील, तर सुरक्षेचा पट्टा असुरक्षितपणे मारला गेला असे होते. हार्डनरमुळे काहींच्या त्वचेला कायमची ॲलर्जी जडते. आणि ज्वलनशील रसायने असलेल्या शेडमध्ये ग्राइंडरची ठिणगी किती महाग पडू शकते, हे तारापूरला सांगायला नको.

कायदा काय सांगतो?

1948 च्या कारखाना कायद्याचे कलम 32 जमीन आणि ये-जा करण्याचे मार्ग भक्कम व अडथळामुक्त ठेवायला सांगत होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने त्या कायद्याची जागा घेतली. यात एक बदल गोदामांसाठी महत्त्वाचा आहे. नुसते गोदाम, जिथे उत्पादन होत नाही, ते सहसा ‘कारखाना’ या व्याख्येबाहेर राहत असे. नव्या संहितेत दहा किंवा अधिक कामगार असलेली व्यापार-व्यवसायाची जागाही ‘आस्थापना’ ठरते. तपासणी प्रत्यक्षात किती होईल, हा प्रश्न उरतोच. औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालयाने गोदामांत पाऊल टाकले, तर आधी कागद न बघता जमीन बघावी.

रेषा मारली की जबाबदारी संपली?

अजिबात नाही. रेषा फोर्कलिफ्ट थांबवत नाही. जिथे माणसे दिवसभर ये-जा करतात तिथे लोखंडी रेलिंग हवे आणि चालणाऱ्यांसाठी वेगळे दार हवे. जिथे ते शक्य आहे तिथे फक्त पिवळा रंग मारून मोकळे होणे ही पळवाट आहे. दुसरे असे की, आराखडा ऑफिसात बसून काढला तर कामगार तो पाळत नाहीत. चहाच्या टपरीकडे, स्वच्छतागृहाकडे, पंचिंग मशीनकडे माणूस जवळच्या वाटेनेच जाणार. ती वाट आधी बघावी, मग रेषा मारावी.

आणि रेषेवर ठेवलेले पॅलेट हलवायला सांगण्याचा अधिकार पाळीवरच्या सुपरवायझरला हवा, ट्रक कितीही वेळ गेटवर उभा असला तरी.

पालघरसाठी हे आत्ताच का?

वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. 76 हजार कोटींहून अधिक खर्चाच्या या बंदरापाठोपाठ मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत आणि बोईसरच्या आसपास गोदामे वाढतील, हे उघड आहे. जुन्या, तेलकट शेडमध्ये रेषा टिकवणे अवघड असते. नव्या गोदामात चालण्याची वाट, रेलिंगचे खांब आणि वेगळे दार हे सगळे काँक्रीट ओतण्याआधीच नकाशावर घेता येते. नंतरचे 28 दिवस तसेही थांबायचेच असते. तेवढ्या दिवसांत हमाल आणि फोर्कलिफ्टचालकांना एकदा त्या जमिनीवरून चालवून, वाट कुठून जावी हे त्यांनाच विचारता येईल.