'सॉफ्ट' कोणाला म्हणता?

इंग्रजीतला 'सॉफ्ट' हा शब्द उशीला लावा, पावाला लावा, माझी हरकत नाही. तो माणसाला आणि त्याच्या कामाला लावला की मात्र माझा संताप होतो. तिथे मऊ म्हणजे दुय्यम, असाच अर्थ निघतो. रोजच्या इंग्रजीत पुरावा पक्का असला की 'हार्ड', रोकड खणखणीत असली की 'हार्ड'. उलट अक्कल कमी असलेला 'सॉफ्ट इन द हेड' आणि गुन्हेगारालाही माणूस समजणारा पुढारी 'सॉफ्ट ऑन क्राइम'.

'सॉफ्ट स्किल्स' हा शब्द रुळला तो अमेरिकी लष्करात, १९७२च्या सुमारास. यंत्राशी गाठ पडते ती कौशल्यं 'हार्ड', माणसांशी आणि कागदांशी पडते ती 'सॉफ्ट'. म्हणजे रणगाडा चालवणं कठीण आणि भेदरलेल्या जवानांना सांभाळणं मऊ! तीच पट्टी आज कचेऱ्यांत फिरते. रुग्णाच्या नातेवाइकांना वाईट बातमी सांगणं, खवळलेल्या गिऱ्हाइकाला शांत करणं ही कामं 'सॉफ्ट', म्हणून मोबदला ठरवताना ती शेवटी आठवतात. नाव देतानाच मोल पाडून ठेवलेलं असतं.

'सॉफ्ट टार्गेट' हा शब्द तर निर्दय आहे. शाळा, बाजार, दवाखाना कोणाला मऊ लागतो? गोळी झाडणाऱ्याला. मग मेलेल्यांची बातमी आपण मारणाऱ्याच्या नजरेने का सांगतो?

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात, तिथलं कामा रुग्णालय असंच 'सॉफ्ट टार्गेट' होतं. तिथे परिचारिका अंजली कुलथे यांनी २० गर्भवतींना एका लहानशा खोलीत हलवून वाचवलं. सीएसटी रेल्वे स्थानकावर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सुरक्षित वाटेने बाहेर काढलं. दोघांच्याही हातात शस्त्र नव्हतं. धीर देणं, नेमकं सांगणं, डोकं थंड ठेवणं, एवढ्यावर त्यांनी माणसं जगवली. व्यवस्थापनाची पुस्तकं यालाच 'सॉफ्ट स्किल्स' म्हणतात.

मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये, हे आपल्याला म्हणीनं शिकवलंय. तरी आपण हे दोन्ही शब्द जसेच्या तसे उचलले. महाविद्यालयातल्या 'सॉफ्ट स्किल्स'च्या वर्गावर 'माणसं सांभाळण्याचं शिक्षण' अशी पाटी लावा. आणि बातमीत 'निःशस्त्र माणसं' असं लिहा. ती माणसंच होती.