वर्गणीच्या वहीतली मैफल

ज्या नगराला राजाश्रय लाभला तेथेच संगीत रुजते, आणि ज्याच्या वाट्याला केवळ कचेऱ्या, छावण्या आणि कारखाने आले त्याने गाण्याची अपेक्षा बाळगू नये, अशी एक समजूत आपल्याकडे फार दिवस चालत आली आहे. ग्वाल्हेरला शिंदे होते, इंदूरला होळकर होते, देवासला पवार होते, मैहरसारख्या लहानशा संस्थानालाही ब्रिजनाथसिंहांसारखा रसिक राजा होता. जबलपूरला यांपैकी कोणीही नव्हते. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचा मुलूख सागरकर मराठ्यांच्या हाती आला, पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी घेतला. त्यानंतर येथे जो दरबार भरत असे तो कमिशनरसाहेबाचा, आणि त्यात तंबोरे जुळवले जात नसत. असे असूनही या शहरात गाणे झाले, चांगले झाले, आणि ते कोवळ्या वयात कानांवर पडल्यामुळे माझ्या पिढीतल्या कित्येकांच्या आयुष्याला एक निराळीच दिशा लागली. ते कोणाच्या आश्रयाने झाले याचा विचार आज अगत्याने करावासा वाटतो, कारण तो आश्रयदाता आता आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा होत चालला आहे.

तो आश्रयदाता म्हणजे गणेशोत्सवाची वर्गणीची वही. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला, १९४२ मध्ये खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला, रेल्वेची मोठी कचेरी तर त्याआधीपासूनच होती. या सगळ्या दप्तरांतून हिशेबनीस, कारकून, ड्राफ्ट्समन, मास्तर आणि वकील अशी मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक होत गेली. १९५६ च्या प्रांतरचनेने नागपूर एका राज्यात टाकले आणि जबलपूर दुसऱ्यात. १८६१ पासून एकाच प्रांतात नांदलेली ही दोन शहरे परस्परांपासून तुटली, आणि येथल्या मराठी कुटुंबांना आपल्या भाषेचे व आपल्या गाण्याचे जे काही राखायचे होते ते स्वतःच्या तुटपुंज्या पगारातून राखणे प्राप्त झाले. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार हाती आला की वर्गणी गोळा करणारी मंडळी दारात उभी राहात, आणि किराण्याच्या देण्याआधी गाण्याची वर्गणी बाजूला काढणाऱ्या गृहिणी मी स्वतः पाहिल्या आहेत.

या वहीला लोहमार्गाचे मोठेच साहाय्य झाले. मुंबईकडून येणारा रूळमार्ग आणि कलकत्त्याकडून येणारा रूळमार्ग यांचा संगम १८७० च्या मार्च महिन्यात याच जबलपुरात झाला, आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते त्याचा समारंभही येथेच झाला. पुढे मुंबईहून प्रयाग, काशी किंवा कलकत्त्याला निघालेल्या ज्या कोणा कलावंताने या मार्गाच्या मेलची वाट धरली, त्याला जबलपूर ओलांडूनच पुढे जावे लागे. त्याला येथे एक रात्र उतरवून घेण्याइतकी बिदागी जमवणे आणि पुढच्या गाडीत सुखरूप बसवून देणे एवढी तजवीज झाली, की दरबारावाचून मैफल उभी राहात असे.

मी पहिली मैफल ऐकली ती अशीच. माझे वय नवाच्या आत-बाहेर असेल. ग्वाल्हेरच्या वळणाचे एक वयस्क बुवा आले होते आणि त्यांना त्याच रात्रीच्या मेलने काशीच्या मराठी मंडळींच्या उत्सवाला जायचे होते. मंडपात सतरंज्या अंथरलेल्या, आणि आम्हां मुलांना अगदी पुढे, बुवांच्या गुडघ्यांपासून दोन हातांवर बसवलेले. ही वहिवाट कोणी घातली ठाऊक नाही, पण वडीलधाऱ्यांनी लोडाला टेकून पुढे बसावे आणि मुलांना मागे लोटावे, असे तेव्हा कोणाच्या मनात येत नसे. आमच्या शेजारचे अण्णा, जे रेल्वेच्या हिशेब खात्यात असून मंडळाचे खजिनदार होते, ते आपले घड्याळ मनगटावरून काढून व्यासपीठाच्या कडेला, बुवांना दिसेल असे ठेवून बसले होते. बागेश्रीचा ख्याल झाला, एक टप्पा झाला, भैरवीची वेळ आली. तोच स्टेशनावर पाठवलेला मुलगा सायकलवरून धापा टाकीत परतला आणि अण्णा उठून उभे राहिले. “बुवा, मेल दीड तास मागे आहे,” असे त्यांनी सांगताच सगळ्या मंडपाने टाळ्या वाजवल्या. बुवांनी घड्याळाकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि तंबोऱ्याच्या खुंट्यांना हात घालीत म्हणाले, “मग मालकंस घेऊ या.”

मालकंसात पंचम वर्ज्य असतो म्हणून तंबोऱ्याची पहिली तार मध्यमावर उतरवावी लागते, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळले. त्या रात्री एवढेच जाणवले, की ती तार खाली आली आणि मंडपातली हवाच पालटली. रागाचे मला काही कळत नव्हते. परंतु माझ्या मागे बसलेल्या वृद्ध वकीलसाहेबांचा हात समेच्या आधी हवेत थबकतो, बुवांचा स्वर फिरत फिरत येतो, आणि हात व स्वर एकाच क्षणी खाली उतरतात, हे मी मान वळवून वळवून पाहात होतो. शे-दीडशे माणसे एका येणाऱ्या क्षणाची वाट पाहात आहेत आणि तो क्षण सर्वांना एकदमच सापडतो आहे, हा अनुभव मला तोवर कोठेच आलेला नव्हता, देवळातही नाही. ऐकणे ही क्रिया आहे, आणि ती इतरांच्या संगतीने शिकावी लागते, हा पाठ मला त्या हाताने दिला.

सर्वांत प्रिय मैफल कोणती असे कोणी विचारले, तर मात्र मी मैहरचे नाव घेईन. जबलपूरहून कटनीमार्गे दीडेकशे किलोमीटरांवरचे हे गाव. सरोदनवाज उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी आयुष्याचा मोठा भाग येथे काढला, १९७२ मध्ये ते निवर्तले, आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे दर वर्षी समारोह होऊ लागला. महाविद्यालयात असताना आम्ही काही मित्र पॅसेंजरने तेथे गेलो. सरोद ऐकले, सतार ऐकली. पण ज्याने मला अंतर्बाह्य हलवले तो मैहर बँड. १९१८ च्या सुमारास साथीच्या आजाराने पोरकी झालेली मुले गोळा करून खाँसाहेबांनी हा वाद्यवृंद उभा केला होता, आणि त्यासाठी बंदुकीच्या नळ्या निरनिराळ्या लांबीच्या कापून त्यांचे नलतरंग नावाचे वाद्य घडवले होते. माझे वडील तोफगाड्यांच्या कारखान्यात आयुष्यभर नोकरीला. आमच्या घरातली धान्याची कोठी, दप्तर, पुस्तके सारे त्या पोलादाच्या पगारातून आलेले. त्या बंदुकीच्या नळ्यांतून शुद्ध स्वर उमटताना ऐकले तेव्हा माझे डोळे भरून आले, आणि ते लपवावेत असे मला वाटले नाही.

खाँसाहेबांच्या चरित्रातला एक प्रसंग या विषयाच्या दृष्टीने मला फार मोलाचा वाटतो. तरुण वयात कलकत्त्यात नाना वाद्ये शिकून, आपल्याला आता सारे येते अशा भरात ते पूर्व बंगालमधील मुक्तागाछाच्या जमीनदारांकडे गेले. तेथे त्यांनी अहमद अली खाँ यांचे सरोद ऐकले आणि त्या एका श्रवणाने त्यांचे पूर्वीचे सगळे आयुष्य मागे पडले. पुढे खुद्द त्यांचे वादन १९३४ मध्ये कलकत्त्याच्या संगीत परिषदेत चौदा वर्षांच्या रविशंकरांनी ऐकले, आणि १९३८ मध्ये तो तरुण युरोपातील नृत्यमंडळीचे वैभव सोडून मैहरच्या कडक शिस्तीत येऊन राहिला. माणूस गाण्याच्या स्वाधीन होतो तो बहुधा अशा एखाद्या समक्ष भेटीत, आणि ती भेट वेळेवर घडावी लागते.

आज मुलांच्या हातात फोन आहे आणि त्यात कुमार गंधर्वांपासून किशोरीताईंपर्यंत सर्वजण आहेत, ही समृद्धी आम्हांला स्वप्नातही दिसली नव्हती. तिला नावे ठेवण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. परंतु ध्वनिमुद्रण आपल्या इच्छेने थांबते, मैफल थांबत नाही; आणि वकीलसाहेबांचा तो हात फोनमध्ये नाही. तो हात दाखवण्याची जबाबदारी आमची होती, आणि आम्ही तिच्याकडे पाठ फिरवली आहे. वर्गणीच्या जागी प्रायोजक आले, सतरंजीच्या जागी सोफे आले. पुढच्या रांगा मान्यवरांसाठी राखून ठेवल्या जातात, ते उशिरा येतात आणि पहिला ख्याल संपण्याआधी सत्कार स्वीकारून निघून जातात, आणि मुले दूर मागे, ध्वनिक्षेपकाच्या भिंतीआड, कलावंताचा चेहराही न दिसता बसतात. ज्या मुलाला तंबोरा जुळताना दिसला नाही, त्याच्याकडून पुढे रसिकतेची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

यावर बहुतेक संयोजक कायद्याकडे बोट दाखवतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई केली, पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या थोर उत्सवाच्या रात्रीही त्यामुळे आखडल्या, आणि मालकंस, सोहनी, ललत हे राग ज्या प्रहरांचे, ते प्रहरच मैफलीतून गळाले, हे खरे आहे. त्या नियमांची आवश्यकता मी मनापासून मान्य करतो. आजारी माणसाची झोप कोणत्याही रागाहून मोठी आहे. पण त्याच नियमांनी बंदिस्त सभागृहांना, आवाज आतल्या आत राहात असेल तर, या मनाईतून वगळले आहे. कलकत्त्याची डोव्हर लेन परिषद आजही पहाटेपर्यंत चालते ती सभागृहातच. आमच्या गोलबाजारात शहीद स्मारकाचे सभागृह आहे, ज्याच्या भिंती ब्योहार राममनोहर सिन्हा आणि त्यांच्या शांतिनिकेतनी सहकाऱ्यांच्या भित्तिचित्रांनी सजलेल्या आहेत. संविधानाच्या मूळ प्रतीवरील उद्देशिकेचे पान अलंकृत करणारा हा चित्रकार याच शहराचा. त्याच्या चित्रांखाली रात्रभर गाणे व्हावे, यापेक्षा त्या वास्तूचा अधिक सुंदर उपयोग मला सुचत नाही.

तेव्हा येथल्या मराठी मंडळांनी, बंगाली क्लबाने आणि भातखंडे संगीत महाविद्यालयाच्या शिक्षकांनी मिळून वर्षातून एक रात्र ठरवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. प्रायोजक घेऊ नये. वही काढावी आणि घरोघर जावे, कारण ज्याच्या घरातून वर्गणी गेली त्या घरातली मुले आपसूक गाण्याला येतात, हे आम्ही पाहिलेले आहे. कलावंत फार नावाजलेला नसला तरी चालेल, विद्या खरी असावी. पहिल्या चार रांगा बारा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना द्याव्यात, सतरंजीवर, आणि त्यांच्या लगेच मागे जाणत्या श्रोत्यांनी बसावे. भाषणे नसावीत. मुले मध्यरात्री पेंगली तर तेथेच झोपू द्यावीत. पहाटे ललताला हलकेच उठवावे. शनिवारची रात्र धरली तर दुसऱ्या दिवशी शाळेची अडचण येणार नाही, आणि पालकांपुढे दुसरी कोणती सबब उरेल असे मला वाटत नाही.