जागता पहारा

समुद्रप्रवासाची गोष्ट ऐकावयास बसलेल्या मुलामुलींच्या डोळ्यांपुढे सर्वांत आधी उभे राहते ते वादळ. डोंगराएवढ्या लाटा, कडाडणारी वीज, फाटलेली शिडे आणि त्या धुमश्चक्रीत सुकाणू घट्ट धरून उभा राहिलेला शूर कर्णधार, एवढे चित्र रंगले म्हणजे गोष्ट पुरी झाली, असे पुष्कळांना वाटते. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. महिनोन्‌महिने चालणाऱ्या सागरप्रवासात वादळाचे दिवस थोडे असतात. उरलेले दिवस अगदी साधे, एकासारखे एक असतात. नौका सुखरूप घरी परत येते ती मुख्यतः त्या साध्या दिवसांच्या बळावर. आणि त्या साध्या दिवसांचा कणा म्हणजे पहारा होय.

'तारिणी'च्या उदाहरणावरून हे चांगले उमजेल. 'तारिणी' ही भारतीय नौदलाची सुमारे ५५ फूट लांबीची शिडाची नौका. गोव्यातील दिवाड बेटावर तिची बांधणी झाली. १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाच्या सहा महिला अधिकारी या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणेसाठी गोव्याहून निघाल्या. वर्तिका जोशी या कर्णधार होत्या. प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डपाटी, एस. विजया देवी आणि पायल गुप्ता या त्यांच्या सहकारी. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटल्टन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन ही बंदरे घेत, आणि सुकाणूच्या यंत्रणेतील बिघाडामुळे मॉरिशसच्या पोर्ट लुई येथे थांबून, २१ मे २०१८ रोजी त्या गोव्यास परतल्या. २५४ दिवसांच्या या सफरीत त्यांनी सुमारे २१,६०० सागरी मैलांचे, म्हणजे जवळजवळ ४०,००० किलोमीटरांचे अंतर तोडले. पॅसिफिक महासागराच्या दक्षिण भागात ताशी ६० सागरी मैल वेगाचे वारे आणि सात मीटर उंचीच्या लाटा त्यांना भेटल्या. या सफरीचा विषय निघाला की लोक बोलतात ते या वादळाविषयी. परंतु वादळ येते आणि जाते. पहारा मात्र नौका समुद्रावर असेपर्यंत एक क्षणही थांबत नाही.

जमिनीवरचा प्रवासी रात्र झाली की मुक्काम करतो. गाडीचे बैल सोडता येतात. मोटार रस्त्याच्या कडेस उभी करता येते. किनाऱ्याजवळची होडीही नांगर टाकून विसावते. भर महासागरात मात्र ही सोय नाही. तेथील पाण्याची खोली सरासरी साडेतीन किलोमीटरांहून अधिक असते. एवढा लांब दोर लहान नौकेने बाळगावयाचा कोठे? नांगर तळाशी पोहोचतच नाही; म्हणून नौका रात्रंदिवस चालत राहते. आणि चालत्या नौकेवर सर्वांनीच झोपी जाणे म्हणजे डोळे मिटून रस्त्यावर धावणे होय. यातूनच पाळ्या लावून जागण्याची प्रथा जन्मास आली.

हे जागरण वाटून घेताना जुन्या खलाशांनी केलेला विचार पाहण्यासारखा आहे. दिवसाचे तास २४. त्यांचे चार-चार तासांचे सहा पहारे होतात. नौकेवर सहा माणसे असली, तर दोघादोघांच्या तीन तुकड्या पाडता येतात आणि प्रत्येक तुकडीच्या वाट्याला दोन पहारे येतात. परंतु सहाला तीनने पूर्ण भाग जातो. त्यामुळे मध्यरात्रीचा पहारा आज ज्या तुकडीकडे आला, तिच्याकडेच तो उद्या येणार आणि परवाही येणार. एकाच्या नशिबी नेहमी सूर्योदय आणि दुसऱ्याच्या नशिबी नेहमी काळोख! हा अन्याय टाळण्यासाठी जुन्या जहाजांवर दुपारी चार ते रात्री आठ हा पहारा मोडून त्याचे दोन-दोन तासांचे दोन पहारे करीत. एकूण पहारे झाले सात. सातला तीनने पूर्ण भाग जात नाही. म्हणून प्रत्येक तुकडीची वेळ रोज आपोआप सरकते आणि कष्टाचा पहारा आळीपाळीने सर्वांना करावा लागतो. शाळेत शिकलेला भागाकार समुद्रावर असा न्यायाच्या कामी येतो.

पहाऱ्यावरील माणूस नुसता जागा असतो, असे नाही. दर काही मिनिटांनी तो चारी दिशांचे क्षितिज न्याहाळतो. कारण क्षितिजावर दिसू लागलेले मोठे जहाज पंधरा-वीस मिनिटांत जवळ येऊन ठेपू शकते. रात्री त्याला दिव्यांची भाषा वाचावी लागते. जहाजाच्या डाव्या अंगास तांबडा आणि उजव्या अंगास हिरवा दिवा असतो. त्यांपैकी एकच दिसला, तर जहाजाची एक बाजू आपल्याकडे आहे असे समजावे. दोन्ही एकदम दिसले, तर ते थेट आपल्याच रोखाने येत आहे हे ओळखावे. वारा वाढला की शिडाचा विस्तार कमी करावयाचा. वाऱ्याची दिशा बदलली की दोर ओढून वा सैल सोडून शीड जुळवून घ्यावयाचे. एखादा दोर घासून झिजत तर नाही ना, हे हाताने चाचपून पाहावयाचे. शिवाय ठरलेल्या वेळी नौकेचे स्थान, दिशा, वेग आणि हवेचा दाब नोंदवहीत लिहावयाचा. हवेचा दाब झपाट्याने उतरू लागला, की खराब हवामान जवळ आल्याची ती सूचना असते. म्हणजे वादळाशी झुंजण्याची तयारीसुद्धा पहाऱ्यातच होत असते. 'तारिणी'च्या सफरीत हवामानाच्या व लाटांच्या नोंदी नियमितपणे घेणे आणि त्या हवामान खात्याच्या अभ्यासासाठी उपलब्ध करून देणे, हा एक ठरवलेला उद्देशच होता.

या कामाला सुटी नसते. २०१७ सालची दिवाळी आली तेव्हा 'तारिणी' हिंदी महासागरात होती. किनाऱ्यावर पणत्या लागल्या, पण नौकेवर कोणाला तरी सुकाणूपाशी जागणे प्राप्तच होते. डिसेंबरमध्ये लिटल्टन सोडून पूर्वेस जाताना तिने आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली. ही रेषा पूर्वेकडे जाताना ओलांडली, की एकच तारीख लागोपाठ दोनदा मोजावी लागते. दिनदर्शिकेत तो एकच दिवस. पण पहारे मात्र दोन दिवसांचे! समुद्राला दिनदर्शिका वाचता येत नाही.

पहारा संपला की पहारेकरी आत येतो. नौका एका अंगावर कललेली असते, म्हणून चूल झोक्यासारखी टांगलेली असते. ती नौकेबरोबर न कलता सरळ राहते आणि भांड्यातील डाळ सांडत नाही. गोडे पाणी जपून वापरावयाचे. भांडी घासण्यास खारे पाणी चालवून घ्यावयाचे. ओले कपडे काढून तो अरुंद फळीवर आडवा होतो. झोपेत खाली पडू नये म्हणून फळीच्या कडेला जाड कापडाचा आडोसा बांधलेला असतो. डोक्यापासून काही वीत अंतरावर, नौकेच्या भिंतीपलीकडे समुद्र गर्जत असतो. तरीही त्याला झोप लागते. ही झोप त्याला कोण देतो? वर जागा असलेला त्याचा सोबती देतो. एकाची झोप दुसऱ्याच्या जागरणावर उभी असते, आणि चार तासांनी हा व्यवहार उलटा फिरतो.

या व्यवहारात पैसा नाही. आहे तो केवळ विश्वास. रात्री दोन वाजता, थंडीने बोटे बधिर झालेली असताना, पहारेकऱ्याकडे पाहणारे कोणीही नसते. त्याने क्षितिज पाहिले की नुसती मान खाली घातली, दोर चाचपला की नुसते वहीत लिहिले, हे त्याचे त्यालाच ठाऊक. समजा, एखाद्याला पाच-दहा मिनिटे डुलकी लागली. सुदैवाने काही बिघडले नाही. पहारा सोपवताना त्याने काय करावे? गप्प राहिल्यास त्याची लाज झाकली जाईल; पण पुढचा पहारेकरी 'सर्व काही पाहून झाले आहे' अशा खोट्या समजुतीवर उभा राहील. म्हणून त्याने खरे सांगितले पाहिजे. लहान नौकेवर चूक क्षम्य असते, लपवलेली चूक क्षम्य नसते. त्याचप्रमाणे पहाऱ्यावर पाच मिनिटे उशिरा येणे म्हणजे सोबत्याची पाच मिनिटांची झोप चोरणे होय.

यावर कोणी म्हणेल, "मोकळ्या वाऱ्यासाठी माणूस समुद्रावर जातो. तेथेही घड्याळाची गुलामी कशाला?" हा आक्षेप वरवर गोड वाटतो. परंतु समुद्रावरील मोकळेपणा हा पहाऱ्याचाच प्रसाद असतो. ज्या नौकेवर पाळ्या ठरलेल्या नसतात, तेथे कोणीच निश्चिंत झोपू शकत नाही आणि कोणीच धड जागू शकत नाही. दुसऱ्याने आखून दिलेला नियम जाचक वाटू शकतो. पण एकमेकांसाठी मान्य केलेला नियम सर्वांना मोकळे करतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एकट्याने समुद्र ओलांडणाऱ्यांचे काय? त्यांचा पहारा कोण करतो? जोशुआ स्लोकम या खलाशाने १८९५ ते १८९८ या काळात 'स्प्रे' नावाच्या लहान नौकेतून एकट्याने जगाची प्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस. अझोर बेटे सोडल्यावर एके दिवशी त्याच्या पोटात असह्य कळा आल्या. सुकाणू बांधून तो आत जाऊन कोसळला. ग्लानीत त्याला भास झाला, की कोलंबसाच्या ताफ्यातील एक नाविक आपल्या नौकेचे सुकाणू सांभाळीत आहे. शुद्धीवर येऊन पाहतो तो नौका आपल्या मार्गावर नीट चाललेली! भास तो भासच. पण 'स्प्रे' सरळ चालली यात चमत्कार नव्हता. मोडकळीस आलेली ती नौका त्याने स्वतःच्या हातांनी नव्याने बांधून काढली होती. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई' या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. 'म्हादेई'ची बांधणी गोव्यात चालू असल्यापासून ते तिच्या कामात गुंतलेले होते. एकट्या खलाशाला थोडथोडी झोप घ्यावी लागते आणि तेवढा वेळ नौकेवर विसंबावे लागते. अर्थात, झोपेत त्याला जे सांभाळते ते त्याने जागेपणी चोख केलेले कामच असते. जागा असलेला तो झोपलेल्या स्वतःचा पहारा आधीच करून ठेवतो.

आणि तोही पुरा एकटा नसतो. २०१२-१३ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे अभिलाष टॉमी सप्टेंबर २०१८ मध्ये एका शर्यतीत असताना दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडले. नौकेची डोलकाठी मोडली. पाठीला जबर दुखापत झाल्याने त्यांना हालताही येईना. त्यांचा संदेश मिळताच ऑस्ट्रेलियातील बचाव केंद्राने शोधाची सूत्रे हलवली, विमानांनी त्यांची नौका शोधली आणि 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. हजारो किलोमीटर दूर कोणी तरी संदेशाकडे कान लावून जागे होते, म्हणूनच हे घडले. पुढे बरे होऊन त्यांनी तीच शर्यत पुन्हा केली आणि २०२३ मध्ये दुसरा क्रमांक मिळवला.

तेव्हा धैर्याला कमी लेखण्याचे कारण नाही; पण धैर्याच्या मागे उभ्या असलेल्या या शांत गुणाला विसरूही नये. जमिनीवरही गाव झोपलेले असताना रुग्णालयात परिचारिका जागी असते, रुळांवर कंदील घेऊन गस्त घालणारा रेल्वेचा कामगार जागा असतो, दीपगृहाचा दिवा जळत असतो. त्यांच्या कामाची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कारण ते नीट झाले म्हणजे काहीच घडत नाही. रात्री काहीही न घडणे, सकाळी सर्वांनी सुखरूप उठणे, हेच त्यांचे यश.

पुढच्या वेळी वादळाची गोष्ट ऐकताना मुलांनी कर्णधाराच्या शौर्याला जरूर दाद द्यावी. मात्र त्याबरोबर एक प्रश्नही विचारावा : वादळ येण्यापूर्वीच्या शांत रात्री, सगळे झोपलेले असताना, पहाऱ्यावर कोण होते?