गायतोंड्यांचे चित्र आणि गुंठ्याचा भाव

सप्टेंबर २०२५ मध्ये वासुदेव गायतोंडे यांचे १९७० सालचे एक चित्र लिलावात ६७ कोटींच्या वर गेले. बातमी आमच्या मानकोलीतही पोहोचली. इथे शेतांची गोदामे झाली, गुंठ्याचा भाव लहान मुलांनाही तोंडपाठ असतो. त्यामुळे चर्चा लगेच ‘एवढ्यात किती गुंठे येतील’ यावर आली. दुसरा प्रश्न ठरलेला : "पण त्यात आहे काय? नुसता रंग तर दिसतोय!"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. त्या पैशाशी गायतोंड्यांचा काही संबंध नाही. ते २००१ सालीच गेले. दुसऱ्या प्रश्नाबद्दल मात्र थोडे लिहावेसे वाटते.

गायतोंडे मूळ गोव्याचे, जन्म १९२४ साली नागपूरचा, लहानपण गिरगावातल्या चाळीत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली पदविका घेतली. सुरुवातीला ते माणसांच्या आकृती काढत. जुन्या लघुचित्रांचा आणि पॉल क्ले या चित्रकाराचा त्यांच्यावर प्रभाव होता. पुढे आकृती गळून पडल्या. झेन विचार, जे. कृष्णमूर्ती, रमण महर्षी हे त्यांच्या चिंतनाचे विषय. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, १९७१ साली पद्मश्री मिळाली. नंतर दिल्लीत, निजामुद्दीनमधल्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, एकटेच राहिले.

"असे तर माझा नातूही काढील" असे म्हणणाऱ्यांना त्यांची कामाची रीत सांगावीशी वाटते. रोलरने आणि रंगाच्या पात्याने ते थरावर थर चढवत, पुसत, खरवडत. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पूर्ण होत. बाकीचा काळ वाट पाहण्यात जाई. १९८४ साली अपघात झाला, मोठे कॅनव्हास हाताळणे अवघड झाले, तेव्हा कागदावर शाईने छोटी रेखाटने केली. मागणीप्रमाणे माल काढणाऱ्या माणसाचे हे लक्षण नव्हे.

आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेलेही त्यांना रुचत नसे. अमूर्त म्हटले की मागे कुठेतरी मूर्त वस्तू असल्यासारखे वाटते. म्हणून ते ‘वस्तुनिरपेक्ष’ अशा अर्थाचा शब्द वापरत. तेव्हा त्यांच्या चित्रात समुद्र, धुके किंवा आभाळ शोधू नये. रंग आहे, प्रकाश आहे, तेवढेच पाहावे.

हे आपल्याला इतके परके आहे का? मला तसे वाटत नाही. बैठकीत गवई आलाप घेतो तेव्हा "या आ-काराचा अर्थ काय?" असे कोणी विचारत नाही. आपण मान डोलावतो. कानांना जी मोकळीक दिली, ती डोळ्यांना द्यायला मात्र आपण तयार नाही.

मी मराठी शिकवले. कवितेचा अर्थ विचारावाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण सगळ्याच गोष्टींना ‘थोडक्यात उत्तरे लिहा’ लावले की मूल पाहायचे सोडते आणि उत्तर शोधू लागते. मोठेपणी तेच मूल किंमत विचारते, कारण किंमत हे सर्वांत सोपे उत्तर असते. शाळांनी महिन्यातून एकदा वर्गात एखादे चांगले चित्र लावावे. दहा मिनिटे पाहायचे. प्रश्न नाहीत, गुण नाहीत, निबंध तर नाहीच नाही. अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. चाळीस मुले दहा मिनिटे गप्प बसवणे म्हणजे काय, ते शिक्षकांनाच कळते!

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा चित्रसंग्रह आहे, त्यात गायतोंडे आहेत. मांडलेले असतील तेव्हा मुलाबाळांना घेऊन जरूर जा. फक्त जाताना गाडीत ते ६७ कोटी सांगू नका. मग पोरे चित्र पाहणार नाहीत, शून्ये मोजत बसतील.

असो. तुमचे मत वेगळे असेल तर अवश्य कळवा.