आधी ताणकाटा, मग चिप

मा. व्यवस्थापकीय संचालक,
पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ, पुणे



५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिमला पंतप्रधानांच्या हस्ते गायीसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशीसाठी ‘महिष चिप’ जाहीर झाली. रक्ताच्या थेंबावरून वासराची आनुवंशिक कुवत आधीच ओळखायची, हा त्यांचा हेतू. २०१९ च्या पशुगणनेनुसार आपल्या राज्यात एक कोटीहून जास्त शेळ्या आहेत आणि त्या बहुतांशी भूमिहीन व अल्पभूधारकांच्या दारात आहेत. शेळीसाठीही असेच काही व्हावे ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र त्याची सुरुवात कुठून करावी, यासाठी हे पत्र.

तंत्र हाताशी आहे. शेळीचा जनुकसंच २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पन्नास हजारांवर जनुकीय खुणा एकदम तपासणारी शेळीची चिपही जगात वापरली जाते. वाढ-संप्रेरक, आयजीएफ-१, मायोस्टॅटिन अशा जनुकांतल्या एखाद्या अक्षराच्या फरकाचा करडाच्या वजनाशी संबंध दाखवणारे शोधनिबंधही पुष्कळ आहेत. अडचण अशी की एका कळपात दिसलेला संबंध दुसऱ्या जातीत अनेकदा दिसत नाही. वजनवाढ शेकडो जनुकांच्या एकत्रित परिणामातून घडते, त्यातल्या एकेकाचा वाटा अगदी किरकोळ असतो. पन्नास-शंभर जनावरांच्या अभ्यासावरून ‘जलद वाढीचा जीन’ सापडल्याचे सांगणे आणि त्या भरवशावर बोकड विकणे ही शेळीपालकाची फसवणूक ठरेल.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे यश इथे अनेकांना आठवेल. सुंदरबनच्या गरोळ मेंढीतला ‘फेक-बी’ जनुक तिथे दख्खनी मेंढीत आणला गेला, डीएनए तपासून मेंढ्या निवडल्या गेल्या आणि जुळ्यांचे प्रमाण वाढले. ते काम मोलाचेच आहे. पण तिथे एकच जनुक होता आणि त्याचा परिणाम मोठा, ठळक होता. वजनाच्या बाबतीत असा एकटा जनुक हाती लागण्याची आशा धरू नये. त्यासाठी हजारो करडांची वजने आणि त्याच करडांचे डीएनए नमुने एकत्र मांडावे लागतात. वजनाची वही नसेल तर चिप मुकी राहते.

वजनही नुसते घेऊन भागत नाही. उस्मानाबादी शेळीचे मोठेपण तिच्या जुळ्या करडांत आहे. तीन महिन्यांचे सर्वांत जड करडू पुष्कळदा एकुलते असते, कारण आईचे सगळे दूध त्यालाच मिळालेले असते. जुळे की एकटे, शेळीचे वेत कितवे, जन्म पावसाळ्यातला की उन्हाळ्यातला, याची नोंद नसताना जड बोकड निवडत गेलो तर वजनाच्या नादात जुळ्यांचा गुणच हातचा जाईल. दुष्काळी माळावर बाभळीच्या शेंगा आणि बोरीच्या पाल्यावर तगणाऱ्या जातीचे हे नुकसान भरून येणारे नाही.

याहून मोठी गळती बाजारात होते. कळपात जो नर झपाट्याने वाढतो, त्याच्यावर व्यापाऱ्याची नजर आधी पडते. घरात नड असते, आठवडी बाजारात भाव चांगला मिळतो, आणि तो जातो. बकरी ईदला तर सर्वांत देखणे, धडधाकट बोकडच लागतात. मागे राहिलेला, कुणी न घेतलेला नर गावच्या शेळ्या फळवतो, पुष्कळदा स्वतःच्या बहिणींनाही. अशी पिढ्यान्‌पिढ्या उलटी निवड चालू आहे. यात शेळीपालकाचा काही दोष नाही. चांगला बोकड राखण्याचा खर्च त्याच्या एकट्याच्या माथी आणि फायदा साऱ्या गावाचा, हा हिशेब त्याला परवडत नाही.

राहुरीला संगमनेरीची आणि फलटणला उस्मानाबादीची शास्त्रीय नोंद अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातून होत आली आहे. ती पद्धत तयार आहे, तिचा विस्तार आपण करावा. रांजणी, तीर्थ, पडेगाव अशा आपल्या प्रक्षेत्रांवरून जाणाऱ्या प्रत्येक पैदाशीच्या बोकडासोबत त्याचा जन्माचा प्रकार, आईचे वेत आणि तीन, सहा, नऊ महिन्यांची वजने लिहिलेला दाखला द्यावा. गावोगावच्या पशुसखींना, म्हणजे पशुपालकांना मदत करणाऱ्या गावातल्याच प्रशिक्षित महिलांना, वजनाचा ताणकाटा, कानातले बिल्ले आणि प्रत्येक नोंदीमागे मानधन द्यावे. नोंदीत सरस ठरलेला नर महामंडळाने बाजारभावापेक्षा जास्त दराने विकत घ्यावा, दुसऱ्या गावाला द्यावा आणि दोन वर्षांनी पुन्हा हलवावा. त्याच जनावरांचे रक्तनमुने जपून ठेवावेत. चार-पाच वर्षांत मराठवाड्याच्या शेळीच्या खऱ्या जनुकीय खुणा शोधण्याजोगी सामग्री जमेल आणि तेव्हा चिपवरचा खर्च सार्थकी लागेल.

बोअरसारख्या परदेशी रक्ताच्या मागे धावण्याआधी हे व्हावे, अशी कळकळीची विनंती आहे. येत्या वर्षाच्या आराखड्यात ताणकाटे आणि पशुसखींचे मानधन या दोन बाबींसाठी स्वतंत्र तरतूद करावी.



आपला,
शेळीपालकांचा एक हितचिंतक